धाकट्या पातीचा कारभार

संगणकाच्या प्रोसेसरांचा इतिहास जेव्हा जेव्हा लिहिला जातो, तेव्हा त्यात वृत्तांत येतो तो थोरल्या पातीचा: कोणत्या साली कोणत्या चिपेने वेगाचा उच्चांक गाठला, तिच्यात किती कोटी ट्रान्झिस्टर बसविले गेले आणि तिची किंमत ऐकून सामान्य गिऱ्हाइकाने कसा काढता पाय घेतला, याचा. परंतु शाळेतील संगणकवर्ग, वकिलाचे दफ्तर, किराणा दुकानाची खतावणी आणि घरोघरची पत्रापत्री यांचा भार ज्या प्रोसेसरांनी वाहिला, त्यांत किंमतपत्रकाच्या अगदी तळाशी छापल्या जाणाऱ्या धाकट्या पातीचा वाटा मोठा आहे, आणि त्या पातीची कैफियत लिहून ठेवण्याची तसदी क्वचितच कोणी घेतली आहे. प्रस्तुत प्रकरणाचा विषय ही धाकटी पाती. तिचा सर्वांत परिचित प्रतिनिधी म्हणजे इंटेल कंपनीचा ‘सेलेरॉन’. तो १९९८ साली जन्मला आणि पाव शतक कारभार केल्यावर त्याच्या नावाला कंपनीनेच रजा दिली.

या पातीचा मूळ पुरुष शोधू गेल्यास मौजेची गोष्ट आढळते. १९७८ साली इंटेलने ८०८६ नावाचा सोळा बिटांचा प्रोसेसर सिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याची काटछाट केलेली आवृत्ती ८०८८ या क्रमांकाने बाजारात आणली. आतील गणिती यंत्रणा तीच, पण बाहेरच्या भागांशी देवघेव करण्याचा मार्ग सोळा तारांऐवजी आठ तारांचा, जेणेकरून भोवतालचे सुटे भाग जुन्या व स्वस्त जातीचे वापरता यावेत. आयबीएमने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला तेव्हा त्याच्या पोटात हाच काटकसरीचा ८०८८ सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोक्यांच्या गतीने चालत होता. आज मेजावर दिसणाऱ्या इंटेल व एएमडी धाटणीच्या डेस्कटॉप संगणकांचे सारे गोत्र त्या यंत्राला जाऊन मिळते. म्हणजे थोरल्या पातीचे भाट ज्याच्यापासून वंशावळ सांगतात, तो पूर्वज मुळात धाकट्या पातीतलाच होता.

स्वस्त प्रोसेसर हलक्या कारागिरीचा असतो, त्याला कारखाना वेगळा, कच्चा माल दुय्यम आणि घडविणारे हातही शिकाऊ, अशी एक समजूत गिऱ्हाइकांत रूढ आहे, आणि तिचे निराकरण केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. आजचे प्रोसेसर घडतात ते अतिशुद्ध सिलिकॉनच्या ३०० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर. एकाच चकतीवर शेकडो चिपा एकाच वेळी, एकाच प्रकाशाने, त्याच रसायनांच्या साहाय्याने कोरल्या जातात आणि मग त्या कापून सुट्या केल्या जातात. एवढ्या सूक्ष्म नक्षीत कुठे एखादा दोष राहून जाणे अपरिहार्य असते, आणि निर्दोष चिपांतही कोणी अधिक वेग सोसते तर कोणी थोड्याच वेगात तापते. म्हणून प्रत्येक चिपेची परीक्षा घेऊन तिची प्रतवारी ठरविण्यात येते. जिच्या स्मृतीचा एखादा कोपरा सदोष निघाला तिचा तो कोपरा कायमचा बंद करून उरलेली चिप खालच्या दर्जाच्या नावाने विकली, तर टाकाऊतून मोबदला मिळतो, आणि गिऱ्हाइकाला स्वस्तात उपयोगी वस्तू मिळते. एथवर सर्व व्यवहार रास्त व उभयपक्षी लाभाचा आहे.

पण कारखान्याचा हात बसला की दोष घटतात, चांगल्या चिपांचे प्रमाण वाढते, आणि मागणी मात्र स्वस्त मालाचीच अधिक राहते. अशा वेळी कारखानदार काय करतो? तो निर्दोष चिपेचाही एखादा भाग बुद्ध्या बंद करतो आणि तिच्यावर खालच्या दर्जाचा शिक्का मारतो. १९९१ साली इंटेलने काढलेल्या ४८६एसएक्स या प्रोसेसराने ही रीत चव्हाट्यावर आणली. दोन वर्षांपूर्वीच्या मूळ ४८६ मध्ये १२ लाख ट्रान्झिस्टर होते आणि त्यांपैकी काहींचा मिळून अपूर्णांकांचे गणित झपाट्याने करणारा स्वतंत्र विभाग बनविलेला होता. आरंभीच्या एसएक्समध्ये तो विभाग जागच्या जागी असूनही त्याला कुलूप घातलेले होते, आणि पुढील उत्पादनात तो काढूनच टाकण्यात आला. ज्या गिऱ्हाइकाला नंतर त्या गणिताची गरज भासे त्याला ४८७एसएक्स नावाचा जोड प्रोसेसर विकला जाई, जो वस्तुतः पूर्ण ४८६ च होता, आणि जो आपल्या खाचेत बसताक्षणीच आधीच्या प्रोसेसराला बरखास्त करून सारा कारभार आपल्या ताब्यात घेई.

या व्यवहारात कोणास लबाडी दिसेल, कोणास व्यापारी शहाणपण; अर्थशास्त्रज्ञांना मात्र त्यात एक जुना नियम दिसला. फ्रान्समधील अभियंता व अर्थचिंतक ज्यूल द्युप्यूई याने १८४९ सालीच निरीक्षण नोंदविले होते की, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर घालण्याचा खर्च कंपनीला जड नसतो, तरी ते डबे उघडे ठेवले जातात, कारण दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणाऱ्या उतारूला तिसऱ्या वर्गात बसण्याचा मोह होऊ नये. १९९६ साली रेमंड डेनेकेर आणि प्रेस्टन मॅकॅफी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ‘बुद्ध्या बिघडविलेला माल’ या विषयावर निबंध लिहिला तेव्हा ४८६एसएक्स हे त्यांच्या उदाहरणांपैकी एक होते, आणि त्यांचा निष्कर्ष असा की, या रीतीने विक्रेत्याप्रमाणेच गिऱ्हाइकाचेही कल्याण साधण्याचा संभव असतो; कारण वरचा दर्जा महाग ठेवता येतो म्हणूनच खालचा दर्जा स्वस्त देता येतो. स्वस्त प्रोसेसराच्या बाबतीत चौकशी करण्याजोगा प्रश्न यामुळे निराळा होतो: त्यातून काय काढून घेतले आहे, आणि जे काढून घेतले ते आपणास लागणार होते काय?

हा प्रश्न ज्या प्रसंगाने अगदी उघडपणे पुढे आला, तो १९९८ सालचा. त्यापूर्वीच्या वर्षी अमेरिकेच्या बाजारात एक नवे वारे सुटले होते. फेब्रुवारी १९९७ मध्ये कॉम्पॅक कंपनीने सायरिक्सचा ‘मीडियाजीएक्स’ प्रोसेसर घालून ९९९ डॉलरांचा प्रेसारिओ संगणक काढला, आणि हजार डॉलरांच्या आतला संगणक ही कल्पनेतील वस्तू न राहता दुकानातील वस्तू झाली. एप्रिलमध्ये एएमडीचा के-६ आला. तो जुन्या व स्वस्त मदरबोर्डांवर बसत असे. इंटेलने मात्र मे १९९७ मध्ये पेन्शियम-२ काढताना चौकोनी खाचेची जुनी पद्धत सोडून प्रोसेसर एका लांबट डबीत घातला होता, ज्या डबीत मुख्य चिपेच्या शेजारी ५१२ किलोबाइटांची कॅश मेमरी सुट्या चिपांच्या रूपाने बसविलेली होती. बांधणी भारी होती, आणि म्हणूनच स्वस्त संगणकाच्या हिशेबात ती बसत नव्हती. खालचा बाजार हातातून निसटत असल्याचे पाहून इंटेलने १५ एप्रिल १९९८ रोजी २६६ मेगाहर्ट्झचा पहिला सेलेरॉन १५५ डॉलरांना बाजारात उतरविला. तो पेन्शियम-२ च होता. फक्त वरची प्लास्टिकची डबी नव्हती, आणि आतली ५१२ किलोबाइटांची कॅशही नव्हती.

कॅश काढून घेणे म्हणजे काय काढून घेणे, हे समजण्यास महसुली कचेरीचे उदाहरण उपयोगी पडेल. कल्पना करा की एक अत्यंत चपळ कारकून आहे. त्याच्या मेजावर दोन-चार कागद मावतात, हाताशी एक कपाट आहे आणि अंगणापलीकडे दफ्तरखाना आहे. मेजावरचा कागद त्याला तत्क्षणी मिळतो, कपाटातला थोड्या अवकाशाने, आणि दफ्तरखान्यातला शिपाई जाऊन आणील तेव्हा; आणि बहुतेक कामे वारंवार त्याच त्या कागदांवर होत असल्यामुळे कपाट जवळ असले म्हणजे शिपायाच्या खेपा फारशा पडत नाहीत. मेज ही प्रोसेसरातील पहिल्या पायरीची कॅश, कपाट ही दुसऱ्या पायरीची आणि दफ्तरखाना म्हणजे रॅम. पहिल्या सेलेरॉनमध्ये मेज होते ३२ किलोबाइटांचे आणि त्यानंतर एकदम दफ्तरखाना. कारकुनाची चपळाई तीच राहिली, पण त्याचे कपाटच जप्त झाले, आणि त्याचा बराचसा काळ शिपायाची वाट पाहण्यात जाऊ लागला. परीक्षकांनी मोजमापे घेतली तेव्हा कागदोपत्री २६६ मेगाहर्ट्झची गती असलेला हा नवा प्रोसेसर कचेरीतील नित्याच्या कामांत जुन्या पेन्शियमच्या पंक्तीला जाऊन बसलेला दिसला, आणि जाणत्या गिऱ्हाइकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली.

इंटेलची चूक किंमत कमी करण्यात झाली नव्हती; गरीब गिऱ्हाइकाला कशावाचून चालेल याचा अंदाज बांधण्यात झाली होती. पत्र लिहिणाऱ्याला व हिशेब मांडणाऱ्याला अचाट गणिती सामर्थ्य लागत नाही. एखाद्या अपूर्णांकी विभागावाचून, थोड्या कमी ठोक्यांवाचून त्याचे अडत नाही. त्याला खुपते ती प्रतीक्षा, म्हणजे कळ दाबल्यापासून पडदा हलेपर्यंतचा रिकामा काळ, आणि कॅश काढून घेतल्याने नेमकी तीच वाढली होती.

चूक कळून येताच ती दुरुस्त करण्यात मात्र कंपनीने विलंब लावला नाही. २४ ऑगस्ट १९९८ रोजी ‘मेन्डोसिनो’ या आतल्या नावाने घडविलेला नवा सेलेरॉन आला. त्यात दुसऱ्या पायरीची १२८ किलोबाइटांची कॅश सुट्या चिपांत न ठेवता मुख्य चिपेवरच कोरलेली होती, आणि ती प्रोसेसराच्या पूर्ण वेगाने चालत असे. पेन्शियम-२ ची कॅश चौपट मोठी होती खरी, पण ती निम्म्या वेगाची होती. त्यामुळे नित्याच्या कामांत धाकटा भाऊ थोरल्याच्या जवळपास जाऊन पोहोचला, आणि कित्येकदा त्याला मागेही टाकू लागला. पेन्शियम-२ च्या मुख्य चिपेत ७५ लाख ट्रान्झिस्टर होते. या स्वस्त चिपेत, कॅश पोटात घेतल्यामुळे, १ कोटी ९० लाख. पुढील वर्षी थोरल्या पातीतील पेन्शियम-३ ने हीच, म्हणजे चिपेवरच पूर्ण वेगाची कॅश कोरण्याची, रीत उचलली.

त्याच दिवशी इंटेलने ४५० मेगाहर्ट्झचा पेन्शियम-२ ही जाहीर केला होता, ६६९ डॉलरांना. आणि ३०० मेगाहर्ट्झच्या मेन्डोसिनोची, म्हणजे ‘३००ए’ या सेलेरॉनची, किंमत होती १४९ डॉलर. हौशी लोकांच्या ध्यानात आले की, सेलेरॉनचा वेग मदरबोर्डाच्या ६६ मेगाहर्ट्झच्या ठोक्याला साडेचाराने गुणून मिळतो, आणि तो गुणक जरी पक्का केलेला असला तरी मूळ ठोका १०० चा केला की गुणाकार बरोबर ४५० येतो. पुष्कळशा चिपा हा वाढीव भार विनातक्रार सोसत; ज्या मदरबोर्डावर ठोका बदलण्याची सोय नसे त्याला चकविण्यासाठी खाचेत शिरणाऱ्या पट्टीवरील एका संपर्कबिंदूवर चिकटपट्टी लावण्याची युक्तीही लवकरच सर्वतोमुखी झाली. १९९९ मध्ये तैवानच्या अबिट कंपनीने बीपी-६ नावाचा मदरबोर्ड काढला, ज्यावर दोन सेलेरॉन शेजारी शेजारी बसवून एकाच संगणकात जुंपता येत. जोडीने राबण्याचा मान इंटेलने वरच्या दर्जाच्या प्रोसेसरांसाठी राखून ठेवला होता, तरी मनाईची कडी इतकी सैल होती की ती निघाल्याची कंपनीला फिकीर करावी लागली. दर्जा-दर्जांतील भिंत निसर्गाने उभारलेली नसून फर्मानाने उभारलेली आहे, हे या प्रकरणांतून सामान्य गिऱ्हाइकालाही समजले, आणि अशा सवलतींची दारे कारखानदारांनी पुढे एकेक करून बंद केली.

त्यानंतरच्या दशकाचा वृत्तांत थोडक्यात आटोपता येतो. एएमडीने जून २००० मध्ये ‘ड्युरॉन’ आणि २००४ मध्ये ‘सेम्प्रॉन’ उतरवून धाकट्या पातीत चुरस लावली. पेन्शियम-४ च्या काळातील सेलेरॉन पुन्हा कॅशच्या तुटीने रोडावले, कारण त्या प्रोसेसराची रचनाच अशी होती की कपाट लहान केल्यास त्याचा सर्वाधिक फटका तिला बसावा. आणि २००८ च्या आरंभी डेस्कटॉपवरील सेलेरॉनला दुसरा गाभा, ज्याला बाजारात सरसकट ‘कोअर’ म्हणतात, लाभला. हा दुसरा कोअर दैनंदिन कामांच्या दृष्टीने मोठीच देणगी ठरला; विषाणूंची झडती किंवा पार्श्वभूमीत चाललेली अद्ययावतीकरणाची कामे एकाकडे सोपवून दुसरा गिऱ्हाइकाच्या सेवेस मोकळा राहू लागला.

२०११ पासून पुढची अकरा वर्षे या पातीने विलक्षण स्थैर्य दाखविले. सप्टेंबर २०११ चा सेलेरॉन जी५३० आणि जानेवारी २०२२ चा सेलेरॉन जी६९०० या दोहोंची इंटेलने घाऊक गिऱ्हाइकांसाठी जाहीर केलेली किंमत एकच होती, ४२ डॉलर. आणि दरम्यान आलेले जी१६१०, जी१८२०, जी३९००, जी४९०० व जी५९०० हेही त्याच भावाने विकले गेले. पहिल्याची गती २.४ गिगाहर्ट्झ, शेवटच्याची ३.४, पहिल्याची उष्णतामर्यादा ६५ वॅट, शेवटच्याची ४६, तिसऱ्या पायरीची कॅश पहिल्यात २ मेगाबाइट, शेवटच्यात ४, कोअर दोन्हींत दोनच. ४२ डॉलरांची खरी क्रयशक्ती या काळात घटत गेली, म्हणजे वस्तू सुधारत गेली आणि वास्तविक किंमत उतरत गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

जी५३० ची तुलना त्याच साली, त्याच घराण्यात निघालेल्या कोअर आय-३ २१०० शी केली म्हणजे दर्जाभेद कसा आखला जातो ते स्पष्ट दिसते. आय-३ ची किंमत ११७ डॉलर, म्हणजे पावणेतीन पटींहून अधिक. त्या मोबदल्यात गिऱ्हाइकाला मिळे ते असे: २.४ च्या जागी ३.१ गिगाहर्ट्झ, एक मेगाबाइट जास्त कॅश, प्रत्येक कोअरवर दोन कामांचे धागे एकदम चालविण्याची सोय, आणि मोठ्या गणितासाठी काही खास आज्ञा. यांपैकी कोणतीही वस्तू अशी नव्हती की जिच्या अभावी पत्र लिहिता येऊ नये किंवा वृत्तपत्र वाचता येऊ नये. १९९८ च्या धड्यानंतर काटछाट करणारी कात्री अधिक समंजस झाली होती.

तथापि ही कात्री निव्वळ कागदी आहे, हे इंटेलने एकदा जणू स्वहस्ताक्षरात लिहून दिले. २०१० साली कंपनीने काही निवडक बाजारांत पेन्शियम जी६९५१ हा प्रोसेसर घातलेले संगणक विकले आणि त्यांच्याबरोबर ५० डॉलरांचे एक कार्डही विक्रीस ठेवले. कार्डावरील सांकेतिक क्रमांक संगणकात भरून आज्ञावली चालविली की, प्रोसेसरात आधीपासूनच असलेली एक मेगाबाइट कॅश आणि दुहेरी धाग्यांची सोय, जी तोवर कुलूपबंद होती, खुली होई. गिऱ्हाइकाने विकत घेतलेल्या चिपेचा एक हिस्सा त्यालाच दुसऱ्यांदा विकण्याचा हा उपक्रम लोकांच्या रोषास पात्र झाला, आणि दुसऱ्या वर्षी तो गुंडाळण्यात आला. तत्त्वतः पाहता त्यात नवे काही नव्हते. इतर वेळी कारखान्यात गुपचूप लागणारे कुलूप या वेळी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत लावलेले होते, एवढेच.

आता दैनंदिन कामे म्हणजे कोणती, आणि ती प्रोसेसराकडून काय मागतात, ते पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात २००१ पासून लक्षावधी लोकांनी ज्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाच्या वाटेने संगणकाशी पहिली ओळख करून घेतली, त्याच्या विषयांची यादी या कामांची यादी म्हणून चालू शकेल: मजकूर लिहिणे, तक्त्यात हिशेब मांडणे, सादरीकरण करणे, इंटरनेटवर माहिती शोधणे, ई-मेल पाठविणे. यांतील पहिलेच काम घ्या. मराठी टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेत मिनिटाला ३० शब्दांची गती मागतात. एका शब्दास पाच कळा धरल्या तर दोन कळांमध्ये चार-दशांश सेकंदाचे अंतर पडते, आणि तेवढ्या अवकाशात ३.४ गिगाहर्ट्झच्या जी६९०० चा एकेक कोअर १३६ कोटी ठोके मोजतो. अक्षर ओळखून ते जोडाक्षरात बसविणे आणि पडद्यावर रेखाटणे, या कामास या ठोक्यांपैकी अल्पांश पुरतो. उरलेला सारा वेळ प्रोसेसर लेखकाच्या पुढच्या कळेची वाट पाहत स्वस्थ बसून असतो.

मग असे संगणक चिडीस आणतात ते का? ‘मशीन हँग होते’ ही तक्रार तर सार्वत्रिक आहे. उत्तर बहुधा प्रोसेसराच्या बाहेर सापडते. रॅमकडून एखादी नोंद येण्यास सुमारे ८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे वरच्याच प्रोसेसराचे अडीचशेहून अधिक ठोके. पण जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून ती आणायची झाल्यास तबकडी फिरून व वाचनशीर्ष जागेवर सरकून नोंद हाती येईपर्यंत सुमारे १० मिलिसेकंद जातात, म्हणजे ठोक्यांच्या हिशेबात ३ कोटी ४० लाख. रॅम अपुरी पडली की यंत्र आपले कागद हार्डडिस्कवर नेऊन ठेवू लागते, आणि मग प्रत्येक हेलपाट्याला ही किंमत मोजावी लागते. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविल्यास तीच नोंद सुमारे एक-दशांश मिलिसेकंदात येते, प्रतीक्षा शंभर पटींनी घटते, आणि जे जुने सेलेरॉन भंगारात काढण्याच्या लायकीचे म्हणून हिणविले जात होते ते पुन्हा तैनातीस हजर होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जोडून ‘असेम्बल्ड’ संगणक विकणाऱ्या दुकानदारांना हे गणित ठोक्यांत मांडता येवो न येवो, ‘रॅम वाढवा, एसएसडी टाका’ हा त्यांचा सल्ला त्या गणिताला धरूनच असतो.

धाकट्या पातीच्या गुणगौरवात तिच्या मर्यादा झाकून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. चलच्चित्राची फीत पाहणे तिला जड जात नाही, कारण त्या कामासाठी चिपेवरच स्वतंत्र मंडल कोरलेले असते. पण तीच फीत संपादित करून नव्याने बांधायची झाली तर दोन कोअरांचा जीव मेटाकुटीस येतो. इंटरनेटवरील पाने वर्षागणिक जड होत गेली आहेत. वीस पाने उघडी ठेवून, त्यातच अनेक व्यक्तींची दृक्श्राव्य बैठक चालवून, वर पार्श्वभूमी धूसर करण्याचा हट्ट धरला तर हा प्रोसेसर दमतो, आणि जुन्या पिढीतला, नव्या फितींच्या संकेतांचे ज्ञान नसलेला असल्यास पाहण्याच्या कामातही तो अडखळतो. खेळ, त्रिमिती रेखाटन, मोठे संशोधनाचे गणित या कामांसाठी तो मुळी नेमलेलाच नाही. एकेका कोअरची योग्यता मात्र कमी लेखू नये: जी६९०० मधील कोअर आणि त्याच पिढीच्या शिरोभागी असलेल्या आय-९ १२९०० के मधील मुख्य कोअर यांची रचना एकच आहे, थोरल्याकडे तसे आठ, दुय्यम जातीचे आणखी आठ आणि ३० मेगाबाइट कॅश, शिवाय वाढीव गती, आणि धाकट्याकडे दोन.

गिऱ्हाइकाची खरी फसगत झाली ती मर्यादांपेक्षा नावांच्या घोटाळ्यामुळे. २०१३ च्या सुमारास इंटेलने ‘ॲटम’ या अल्पशक्ती घराण्यातील प्रोसेसरांनाही सेलेरॉन हेच नाव दिले. जे१८०० आणि जे१९०० यांसारखे, मदरबोर्डावर कायमचे डाखलेले, दहा वॅटांवर चालणारे हे प्रोसेसर आणि खाचेत बसणारे ‘जी’ अक्षराचे सेलेरॉन एकाच नावाने, एकाच फळीवर विकले जाऊ लागले, वास्तविक त्यांच्या कोअरांची रचना सर्वस्वी भिन्न होती व कामगिरीतील तफावत डोळ्यांत भरण्याजोगी होती. ‘आपण एकदा सेलेरॉन घेतला आणि पस्तावलो’ असे सांगणाऱ्यांची रुजवात घातली तर त्यांतील अनेकांनी घेतलेला प्रोसेसर या दुसऱ्या घराण्यातला निघेल. नावापुढचे अक्षर व क्रमांक वाचल्याखेरीज खरीदी करू नये, हा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

दर्जाची उतरंड फर्मानाने ठरते, याचे अगदी अलीकडचे प्रत्यंतर मायक्रोसॉफ्टने दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ प्रसृत करताना कंपनीने मान्यताप्राप्त प्रोसेसरांची यादी जाहीर केली आणि इंटेलच्या बाबतीत, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीची रेषा आखली. या रेषेचा परिणाम असा झाला की, २०१८ चा ४२ डॉलरांचा सेलेरॉन जी४९०० यादीत दाखल झाला, आणि २०१७ चा, त्याच्याहून कितीतरी समर्थ, चार कोअरांचा व आठ धाग्यांचा, ३३९ डॉलरांचा आय-७ ७७०० के यादीबाहेर राहिला. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आली तेव्हा सनद हाती असलेला धाकटा नोकरीत कायम राहिला आणि थोरल्याच्या सेवानिवृत्तीचा प्रश्न उभा ठाकला. जुना प्रोसेसर स्वस्तात मिळतो म्हणून घेणाऱ्याने वेगाबरोबर ही सनदही तपासून घ्यावी.

सप्टेंबर २०२२ मध्ये इंटेलने जाहीर केले की, पेन्शियम आणि सेलेरॉन ही दोन्ही नावे नव्या लॅपटॉपांवरून २०२३ पासून उतरविली जातील आणि त्यांच्या जागी नुसते ‘इंटेल प्रोसेसर’ असे नाव येईल. नाव गेले तरी पद रिक्त राहिले नाही. जानेवारी २०२३ मध्ये आलेला एन१०० चार काटकसरी कोअरांवर, केवळ ६ वॅटांच्या उष्णतामर्यादेत, नित्याची कामे निमूटपणे उरकतो आणि हाताच्या पंजाएवढ्या डेस्कटॉपात मावतो. जानेवारी २०२४ मध्ये डेस्कटॉपसाठी ‘इंटेल ३००’ आला, दोन कोअरांचा, चार धाग्यांचा, ३.९ गिगाहर्ट्झचा, ज्यात सेलेरॉनला, मोजके अपवाद वगळता, आयुष्यभर नाकारलेली दुहेरी धाग्यांची सोय अखेर पदरात पडली आहे.

ज्या घरात किंवा कचेरीत लिहिणे, वाचणे, हिशेब आणि पत्रव्यवहार एवढीच कामे आहेत, तेथे नवा डेस्कटॉप घेताना पैशाची विभागणी कशी करावी, याचा निर्णय वरील सर्व विवेचनातून आपोआप निघतो. पहिली तरतूद एसएसडीसाठी करावी, कारण सर्वांत लांबची प्रतीक्षा तिथे आहे. दुसरी ८ गिगाबाइट किंवा त्याहून अधिक रॅमसाठी, कारण ती अपुरी पडली की एसएसडीवरही खेपा वाढतात. आणि त्यानंतर उरलेल्या रकमेत, चालू पिढीतला, यादीत मान्यता असलेला, यथार्थ डेस्कटॉप घराण्यातला सर्वांत स्वस्त प्रोसेसर निःशंकपणे घ्यावा. १९९८ च्या वसंतात अशी शिफारस करणे शक्य नव्हते, कारण तेव्हा स्वस्त प्रोसेसर स्वतःच प्रतीक्षेचे कारण होता. आज खर्चाच्या यादीत त्याचा क्रम तिसरा लागतो, आणि तो तिसरा लावूनही गिऱ्हाइकाचे नुकसान होत नाही, हेच धाकट्या पातीच्या पाव शतकाच्या कारभाराचे फलित म्हटले पाहिजे.